हकगला वनस्पती उद्यान (नुवारा एलिया, श्रीलंका): अर्धा तास पुरेसा आहे का?

मळेवाट (धागाकर्ता)

श्रीलंकेच्या सहलीचे मराठी प्रवाशांसाठी आखलेले कार्यक्रम चाळले, तर नुवारा एलियाच्या वाट्याला बहुधा एकच क्रम येतो: सकाळी चहाचा कारखाना, नंतर सीता एलियाचे सीता अम्मन मंदिर आणि जेवण उरकून एल्ला किंवा कँडीकडे प्रयाण. मंदिरापासून त्याच बदुल्ला रस्त्याने थोडे पुढे गेले की हकगला वनस्पती उद्यान लागते. शहरापासून ते जेमतेम १० किलोमीटरवर आहे. तरीही बऱ्याच बसगाड्या तेथे थांबत नाहीत आणि थांबल्याच, तर गुलाबाच्या ताटव्यासमोर छायाचित्र काढण्याइतकीच उसंत मिळते. नुकतेच तेथे जाऊन आल्यावर माझे मत असे झाले आहे की, कारखाना पाहिला आणि हे उद्यान टाळले, तर या डोंगरांवर चहा मुळात आला कसा, हे कळायचे राहूनच जाते. म्हणून हा धागा काढत आहे.

१८६१ साली या जागेची सुरुवात झाली ती शोभेसाठी नव्हे. कँडीजवळच्या पेरादेणिया येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख जॉर्ज थ्वेट्स यांनी हकगला कड्याच्या पायथ्याचा हा थंड उतार सिंकोनाच्या लागवडीसाठी निवडला. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीपासून कोयनेल निघते, ते दक्षिण अमेरिकेतील झाड. हिवतापावर त्या काळी दुसरा भरवशाचा उपाय नव्हता आणि क्लेमेंट्स मार्कहॅम यांच्या मोहिमेने नुकतीच त्याची रोपे आणि बी अँडीजच्या डोंगरांतून ब्रिटिश वसाहतींसाठी आणली होती. थोडक्यात सांगायचे, तर हकगला ही सरकारी रोपवाटिका होती आणि तिचे काम औषधाचे झाड परक्या मातीत रुजते का, हे पाहण्याचे होते.

त्या वेळी सिलोनच्या डोंगरांवर चहा नव्हता, कॉफी होती. १८६९ मध्ये कॉफीवर तांबेरा आढळला. आपल्याकडे गव्हावरचा तांबेरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे लवकर उमगेल: पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर डाग आणि पान उलटले की बोटाला लागणारी नारिंगी भुकटी. पाने गळतात, झाड मरत नाही. पण पुन्हा पालवी फुटली की पुन्हा भुकटी येते आणि काही हंगामांत झाडाला फळ धरण्याची ताकद उरत नाही. थ्वेट्स यांनी रोगट पाने इंग्लंडला पाठवली, तेथे माइल्स बर्कली यांनी त्या बुरशीचे हेमिलिया व्हॅस्टाट्रिक्स असे नामकरण केले, परंतु नाव मिळाल्याने उपाय सापडला नाही. १८८० च्या सुमारास हॅरी मार्शल वॉर्ड या तरुण शास्त्रज्ञाला खास या रोगाच्या अभ्यासासाठी सिलोनला धाडण्यात आले. डोंगरच्या डोंगर एकाच पिकाखाली आणल्यामुळे वाऱ्यावर उडणाऱ्या बीजाणूंना कोठेही अटकाव राहिलेला नाही, हे त्याच्या ध्यानात आले. परंतु तोवर कॉफी हातची गेली होती.

मळेवाल्यांनी आधी सिंकोनावर उडी घेतली. हकगलाला वाढवलेल्या रोपांचे महत्त्व तेव्हा एकाएकी वाढले. पण सगळ्यांनीच साल विकायला काढल्यावर भाव कोसळले. शिवाय जावातील डच मळ्यांत लावलेल्या जातीच्या सालीत कोयनेलचे प्रमाण कितीतरी अधिक होते, त्यामुळे सिलोनची साल तिच्यापुढे टिकेना. मग उरला चहा. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ साली लूलकंदुरा येथे १९ एकरांवर चहा लावून पाहिला होता आणि त्यासाठीचे सुरुवातीचे बी पेरादेणियाच्या उद्यानातूनच आले होते. हकगलाही सिंकोनाकडून चहाच्या प्रयोगांकडे वळले आणि १८८४ मध्ये त्याला आजच्यासारखे उद्यानाचे रूप देण्यात आले.

आज हे उद्यान सुमारे २८ हेक्टरांवर पसरले आहे आणि त्याची उंची १,७०० मीटरच्या आसपास आहे. खालच्या टप्प्यांवर गुलाब आणि हंगामी फुले, वर नेच्यांचा विभाग, ऑर्किडे, आणि कॅलिफोर्नियाचे सुरू (सायप्रस), जपानी देवदार, हिमालयातील चीड, इंग्लंडचा ओक असे जगभरचे थंड हवेतील वृक्ष. बहुतेक लोक गुलाबांपाशी थांबतात. माझ्या मते खरे उद्यान त्यांच्या वरच्या अंगाला सुरू होते. तेथील जुन्या सुरूंची खोडे शेवाळ आणि दगडफुलांनी इतकी लपेटलेली आहेत की सालीचा मूळ रंग दिसण्यासाठी हाताने शेवाळ बाजूला करावे लागते, आणि त्या वृक्षांच्या पाठीशी, कुंपणापलीकडे, डोंगराचे मूळचे जंगल थेट कड्यापर्यंत चढत गेलेले दिसते.

माझी जाणकारांना विनंती अशी की, तेथे काय पाहावे आणि किती वेळ द्यावा, यावर आपापले अनुभव लिहावेत.

अबोली_ठाणे

लेख आवडला. आम्ही फेब्रुवारीत जाण्याचे ठरवत आहोत. आई बरोबर असेल. तिला गुडघ्यांचा त्रास आहे, पण सीता अम्मन मंदिरात जाण्याची तिची फार इच्छा आहे. आमच्या सहल आयोजकांनी 'उद्यान म्हणजेच अशोक वाटिका' असे लिहून दिले आहे. तेथे खरोखर अशोकाची झाडे आहेत का? आणि उद्यान चढाचे असेल, तर आईला कितपत जमेल?

पर्णिका

अबोली, अशोकाच्या प्रश्नाचे उत्तर मी देते, कारण तेथे उभी राहून मी याच गोष्टीचा शोध घेत होते.

आपण ज्याला सीतेचा अशोक म्हणतो, ती साराका असोका ही जाती आहे. नारिंगी-लाल फुलांचे झुबके थेट फांद्यांवर येतात आणि कोवळी पालवी तांबूस, मलूल लोंबते. हे झाड पश्चिम घाटात आणि श्रीलंकेतही निसर्गतः आढळते, पण त्याला सखल भागातील दमट, उबदार रान मानवते. १,७०० मीटरवरच्या, रात्री कुडकुडायला लावणाऱ्या हवेत त्याचे नैसर्गिक वास्तव्य नाही. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाला लावतात तो सरळसोट हिरवा 'अशोक' हे तर वेगळ्याच कुळातील, सीताफळाच्या नात्यातील झाड आहे. गंमत अशी की दक्षिण भारताबरोबर श्रीलंका हे त्याचे मूळ घर आहे, आणि तरीही वाटिकेच्या चर्चेत त्याला कोणी विचारत नाही.

आमच्या वाटाड्याने 'अशोक' म्हणून दाखवलेले झाड होते तांबड्या फुलांचे ऱ्होडोडेंड्रॉन, म्हणजे हिमालयात ज्याला बुरांस म्हणतात त्याचीच श्रीलंकेतील उपजाती. सिंहलीत त्याला महा रत्मल म्हणतात. माझ्या दृष्टीने उद्यानाच्या परिसरातील सर्वांत पाहण्यासारखी वनस्पती हीच. खोड वेडेवाकडे, साल बुचासारखी जाड आणि भेगाळलेली. पान वरून गडद, चामड्यासारखे आणि शिरांमध्ये खोल दबलेले. ते उलटून पाहिले, तर खालची बाजू तपकिरी लवेने अशी भरलेली असते की नखाने खरवडल्याशिवाय हिरवा रंग दिसत नाही. थंडी, वारा आणि कडक ऊन या तिन्हींत पाण्याचा ऱ्हास रोखण्याची ही व्यवस्था आहे. हिमालयात असलेली ही जाती मधला सारा भारत ओलांडून एकदम निलगिरी आणि केरळच्या माथ्यांवर आणि तेथून श्रीलंकेच्या डोंगरांवर भेटते. आपल्या सह्याद्रीत मात्र ती नाही. हवामान आजच्यापेक्षा थंड असतानाच्या काळाचा हा उरलेला पुरावा मानला जातो.

श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचे नाही. मंदिराजवळच्या ओढ्याकाठी खडकात जे गोल खळगे आहेत, ते हनुमंताच्या पाऊलखुणा म्हणून लोक भक्तिभावाने पाहतात आणि आईंनाही ते पाहून बरे वाटेल. फक्त अशोक शोधायला म्हणून वर चढू नये, एवढेच.

साशंक

धागाकर्त्यांच्या उत्साहाचा आदर राखूनही थोडे विरुद्ध मत नोंदवतो. ज्यांच्याकडे श्रीलंकेत एकाच उद्यानासाठी वेळ आहे, त्यांनी तो पेरादेणियाला द्यावा. कँडी शहराला लागून, महावेली नदीच्या वळणात वसलेले १४७ एकरांचे ते उद्यान १८२१ साली अलेक्झांडर मून यांनी सुरू केले. हिरवळीवर पसरलेला जावाचा महाकाय वड, ताडांच्या रांगा, सेशेल्सचा जोडनारळ आणि झाडांना उलटी टांगलेली शेकडो वटवाघळे हे सारे एका फेरीत पाहता येते, आणि मुलेही कंटाळत नाहीत. पुढे पंचम जॉर्ज म्हणून राजा झालेल्या राजपुत्राने १९०१ मध्ये लावलेला कैलासपतीही तेथे आहे. आपल्याकडे शिवमंदिरांच्या आवारात हे झाड लावतात, श्रीलंकेत ते बौद्ध विहारांच्या अंगणात दिसते. प्रत्यक्षात ते दक्षिण अमेरिकेतून आलेले.

हकगलाला मी गेलो तेव्हा धुके होते, पाट्या बऱ्याच ठिकाणी पुसट होत्या, आणि ज्याने उटीचे सरकारी वनस्पती उद्यान पाहिले आहे त्याला येथे नवे काय, हे मला कळले नाही. उटीचे उद्यान १८४८ चे, तेथेही उतारावरचे टप्पे, तेथेही परदेशी सूचिपर्णी, आणि आजूबाजूला तेथेही चहाच. नुवारा एलियात एखादी दुपार मोकळी असेल, तर मी कारखान्याच्या सज्जात बसून चहा पिणे पसंत करीन.

मळेवाट (धागाकर्ता)

साशंक, पेरादेणियाशी तुलना मला अन्यायाची वाटते, कारण ती दोन उद्याने एकमेकांच्या जागी नाहीतच. पेरादेणिया सुमारे ५०० मीटरवर, उष्ण प्रदेशात आहे; तेथे जे तग धरत नव्हते ते वर हकगलाला लावून पाहत. सखल भागातील उष्ण झाडांसाठी एक जागा, डोंगरासाठी दुसरी, अशी ती आखणी होती. कोको, रबर, मसाल्याची झाडे खाली. सिंकोना, चहा आणि थंड हवेतील फळे-भाज्या वर.

उटीचे साम्य मात्र तुम्ही अचूक हेरले आहे आणि ते योगायोगाचे नाही. उटीचे उद्यान घडवणारे विल्यम मॅकआयव्हर हेच निलगिरीतील सिंकोनाच्या लागवडीचेही प्रमुख होते. हाच प्रयोग आपल्या दारातही झाला होता: महाबळेश्वरजवळ लिंगमळा येथे मुंबई सरकारने एकोणिसाव्या शतकात सिंकोना लावून पाहिला आणि तो यशस्वी न झाल्याने सोडून दिला. आज लिंगमळ्याचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांना याची कल्पनाही नसते. तेथे सिंकोना जगला असता, तर महाबळेश्वरची ओळख स्ट्रॉबेरीवरून झाली असती की आणखी कशावरून, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

पाट्यांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. उद्यानाचा इतिहास त्याच्या फुलांपेक्षा मोठा असताना, तो सांगणारे काही ठळकपणे मांडलेले मला तरी दिसले नाही.

रानपाखरू

पक्षिनिरीक्षकांच्या बाजूने एक भर घालतो. उद्यानामागचे जंगल हकगला संरक्षित अभयारण्यात मोडते आणि त्याच्या कडेने सकाळी लवकर चालले, तर केवळ श्रीलंकेत आढळणारे बरेच पक्षी दिसण्याची शक्यता असते. त्यातला सर्वांत दुर्मीळ म्हणजे श्रीलंकेचा शीळकरी कस्तूर. पावसाळ्यात माथेरान-महाबळेश्वरला पहाटे ज्याची लांबलचक शीळ ऐकू येते, त्या आपल्या शीळकरी कस्तूराचा हा नातेवाईक. पण तो आकाराने लहान, लाजाळू आणि संख्येने फार थोडा उरला आहे. ओढ्याकाठच्या दाट सावलीत, उजाडताना आणि मावळताना तो हालचाल करतो. दिवसा उजेडी तो दिसेल, अशी आशा ठेवू नये.

वानरेही वेगळी आहेत. डोंगरातील जांभळ्या तोंडाच्या वानरांचे केस थंडीमुळे इतके लांब आणि दाट असतात की इंग्रज मळेवाले त्यांना अस्वल-माकड म्हणत. ती जंगलाच्या कडेने उद्यानातही उतरतात. 'टोक' नावाच्या जातीची माकडे मात्र धीट आहेत. हातातली खाऊची पिशवी सांभाळावी.

झाडीच्या तळाशी जी झुडपे दिसतात, त्यांत आपल्या कारवीच्या कुळातल्या जाती भरपूर आहेत. तेथे त्यांना नेलू म्हणतात आणि कारवीसारखीच तीही वर्षानुवर्षे थांबून एकदम फुलतात.

आणखी एक सुचवतो. शहरातील व्हिक्टोरिया पार्क चुकवू नये. हिवाळ्यात तेथे नवरंग दिसतो. पावसाळ्याच्या तोंडावर कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला घरटी करणारा पक्षी तो हाच. विणीचा हंगाम आटोपला की या जातीचे पक्षी दक्षिणेकडे सरकतात आणि काही थेट श्रीलंका गाठतात. त्याच बागेत काश्मीरचा माशीमारही हिवाळा काढतो. फेब्रुवारीत जाणार असाल, तर दोन्ही दिसू शकतील.

कोलंबोवासी

नोकरीनिमित्त श्रीलंकेत राहत असल्याने थोडी व्यवहाराची माहिती आणि एक मुद्दा मांडतो.

परदेशी नागरिकांना उद्यानाचे तिकीट स्थानिकांपेक्षा बरेच महाग पडते आणि आपण त्यात परदेशीच धरले जातो. दर अधूनमधून बदलतात, म्हणून आकडा देत नाही. जानेवारी ते मार्च हे महिने तुलनेने कोरडे असतात. एप्रिलच्या मध्यात सिंहली-तमिळ नववर्षाच्या सुमारास शहरात इतकी गर्दी उसळते की वाहन लावायला जागा मिळत नाही, तेव्हा टाळावे. रेल्वेने येणाऱ्यांनी नानु ओया स्थानकावर उतरावे, शहर तेथून थोड्या अंतरावर आहे. डोंगरातील ही रेल्वे दरडींमुळे वरचेवर बंद पडते, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करणे आवश्यक आहे.

चहाबद्दल एक सूचना. श्रीलंकेत चहाची प्रतवारी उंचीवरून होते आणि १,२०० मीटरच्या वर पिकलेला तो उंचावरचा चहा. नुवारा एलियाचा चहा त्यातही फिकट आणि नाजूक वासाचा असतो. आपण घरी उकळतो तसा आले, साखर आणि दूध घालून तो केला, तर पैसे वाया गेले असे समजावे. आपल्या पद्धतीच्या चहासाठी सखल भागातील कडक, काळसर चहा घ्यावा. वर जानेवारी ते मार्च या काळात तोडलेली पाने उत्तम मानतात, त्यामुळे अबोलीताईंची वेळ अगदी योग्य आहे.

आता मुद्दा. धागाकर्त्यांनी तांबेऱ्याची कथा मळेवाल्यांपाशी संपवली. तिचे पुढचे पाऊल मजुरांचे आहे. कॉफीला मुख्यतः फळे तोडण्याच्या हंगामातच मोठ्या संख्येने माणसे लागत, म्हणून तमिळ प्रांतातून मजूर पायी यायचे आणि काम संपले की बरेचसे परत जायचे. चहाचे तसे नाही. दोन पाने आणि एक कळी खुडण्याचे काम वर्षभर, दर आठवड्या-दीड आठवड्याने त्याच झुडपावर करावे लागते. त्यामुळे कुटुंबेच्या कुटुंबे मळ्यांवर येऊन राहिली, त्यांच्यासाठी एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या देवळांनी या डोंगरांना आजचे रूप दिले. सीता अम्मनचे मंदिरही याच डोंगरी तमिळ समाजाने जपलेले आहे. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने यांतील बहुसंख्य लोकांना कोणत्याही देशाचे नागरिक राहू दिले नाही. १९६४ मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार होऊन लाखो लोकांची भारत आणि श्रीलंका यांत वाटणी ठरली, आणि उरलेल्यांचा प्रश्न निकाली निघायला २००३ चा कायदा यावा लागला. मंदिर आणि उद्यान ही दोन वेगळी स्थळे म्हणून दाखवली जातात, पण कॉफीवर बुरशी आली नसती, तर सीता एलियाची वस्ती आणि ते मंदिर आज आहे त्या रूपात असते का, याबद्दल मला शंका आहे.

साशंक

कोलंबोवासी, हा दुवा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो पटला. पेरादेणियाबद्दलचे मत मी बदलत नाही. परंतु जो मंदिरापर्यंत जातोच आहे, त्याने पुढे उद्यानात जाऊ नये असे आता म्हणणार नाही. फक्त एक विचारतो: कारखान्यात काय पाहावे? मी गेलो तेव्हा यंत्रांचा आवाज आणि घाई यांतून काहीच उमगले नाही.

मळेवाट (धागाकर्ता)

कारखान्यात सर्वांत वरच्या मजल्यावर रेंगाळावे, असे मी सुचवीन. खुडलेली पाने तेथे लांबलचक जाळीदार हौद्यांवर पसरलेली असतात आणि खालून हवा सोडून ती रात्रभर सुकवली जातात. मूठभर पान हातात घेऊन दाबले आणि ते कडकड न मोडता मऊ गोळा होऊन राहिले, की ते मळायला योग्य झाले. त्या मजल्यावर हिरव्या पानाचा वास असतो. एक मजला खाली, मळलेल्या पानाचा रंग तांब्यासारखा होऊ लागतो तेथे, तो वास पूर्ण बदलतो. चाळण्या आणि प्रतींची नावे नंतर दुकानातही समजतात. रविवारी अनेक ठिकाणी यंत्रे बंद असतात, तेव्हा दिवस पाहून जावे.

अबोली, आईंसाठी क्रम असा ठेवावा. सकाळी उघडताच थेट उद्यान गाठावे, कारण दुपारनंतर ढग उतरतात आणि कडा दिसेनासा होतो. प्रवेशद्वाराजवळचा भाग आणि गुलाबांचे टप्पे सावकाश चालत आईंना जमतील. तेथे बसायला बाके आहेत. त्यापुढे पायऱ्या आणि चढ आहे, तेव्हा नेच्यांच्या विभागाकडे आणि ऱ्होडोडेंड्रॉन पाहायला बाकीच्यांनी आळीपाळीने जावे. उद्यानाला अर्धा दिवस दिलात, तर मंदिर परतीच्या वाटेवरच येते आणि तेथे घाई करावी लागत नाही. कारखाना दुपारी.

लोकरीचे कपडे सकाळी लागतीलच. पाऊस पडून गेला असेल, तर जंगलाच्या कडेच्या वाटांवर जळवा असतात. पायमोजे गुडघ्यापर्यंतचे घ्यावेत आणि थोडे मीठ जवळ ठेवावे.